परत येण्याचा पुरावा

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. दोन वर्षांपूर्वी, पंचमीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं ना?" ती म्हणाली, "हाव." यंत्रावर अंगठा उमटेना, तेव्हा तिनं तो पदराला पुसला आणि परत ठेवला. मग उमटला. बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा संपला. आरडाओरडा झाला नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी गरम भजी खाल्ली.

अन्याय करणाऱ्यांत मी होते.

पत्रकात मी असं कधी लिहिलं नसतं. सहा वर्षं मी नांदेडात राहून पत्रकं लिहितेय. वसतिगृहातल्या मुलींसाठी काम करणारी आमची लहानशी संघटना आहे, तिच्यात मला लिहायला बसवलं आणि मी तिथंच लिहायला शिकले. आधी कुणावर अन्याय झाला, मग कधी झाला, मग मागण्या, शेवटी इशारा. कागदाची एकच बाजू. दुसऱ्या बाजूला लिहिलं तर भिंतीला चिकटवता येत नाही. या पद्धतीत एक सोय असते, अन्याय करणारा कायम समोर असतो, आणि आपण खाली सही करणारे असतो. या खेपेला मी कुठं उभी आहे तेच मला कळत नाहीये, म्हणून हे पत्रकात मावलं नाही.

आणि हे सगळं मला कळलं ते युरोपला जायच्या नादात. म्हणून आधी युरोपचं सांगते.

किनवटच्या बाजूला वसतिगृहातल्या मुली सुट्टीला घरी निघायच्या, तर त्यांची गाडी पोचायच्या आत पुढच्या गावांची शेवटची एसटी सुटून गेलेली असायची. स्टेशनात बसून राहायच्या पोरी. त्याचं निवेदन तयार करायचं म्हणून मी वेळापत्रकं वाचायला लागले. एसटीचं एका हातात, रेल्वेचं दुसऱ्या हातात. दुसरीकडं कसं करतात ते बघावं म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधत गेले आणि युरोपातलं एक पान उघडलं. त्या पानावर तीन देशांच्या गाड्या होत्या. डोंगरातली एक छोटी गाडी मोठ्या गाडीनंतर सात मिनिटांनी सुटत होती, आणि तिच्या गावात तिच्यानंतर पाच मिनिटांनी बस. कुणीतरी बसून ते जुळवलं होतं. कुणीही मोर्चा न काढता.

मला रडू आलं. मग राग आला. मग वाटलं, एकदा जाऊन बसावं त्या गाडीत. जिच्यासाठी मी निवेदन दिलेलं नाही अशा एखाद्या गाडीत मला बसायचं होतं. हे कारण मी पुढं बऱ्याच जणांना सांगून बघितलं. कुणालाच ते कारण वाटलं नाही.

दोन महिने, एकटीनं, रेल्वेनं, होईल तेवढं स्वस्तात, असं ठरलं. एका अभ्यासवृत्तीचे पैसे मी हात न लावता ठेवले होते. तिथं सगळ्या देशांच्या गाड्यांना चालणारा एक पास मिळतो आणि सत्तावीस वर्षांपर्यंतच्यांना तो कमी भावात मिळतो. मी सव्वीसची. म्हणजे आता नाहीतर पुढं दामदुप्पट नसलं तरी बरंच जास्त. घाई तिथून सुरू झाली.

खोलीतल्या भिंतीवर मी जुन्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजू जोडून एक मोठा कागद केला आणि त्यावर रेघा ओढल्या. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन, कोलोन, पॅरिस, बार्सिलोना, मिलान. किनवटच्या दोनशे मुलींचं वेळापत्रक मी एका बैठकीत मांडलेलं आहे, त्यामुळे हे आठ दिवसांचं काम वाटलं. तीन महिने लागले आणि गुंता वाढतच गेला.

पासवर लिहिलेलं, दोन महिन्यांत पंधरा दिवस. मी आधी समजले, पंधराच दिवस राहता येतं. रडकुंडीला येऊन सगळा बेत अर्ध्यावर आणला. मग कळलं, पंधरा दिवस गाडीत बसायचं, उरलेले दिवस कुठंही पायी फिरा, त्यांना देणंघेणं नाही. परत बेत दोन महिन्यांवर नेला. मग कळलं, काही देशांच्या वेगवान गाड्यांत पास असून चालत नाही, जागेचे वेगळे पैसे भरावे लागतात, आणि पासवाल्यांसाठी त्या जागा मोजक्याच असतात. हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पास दिलाय ना तुम्ही? मग जागा का नाही? मी त्यांना एक सडेतोड मेल लिहिला, त्यात तीन मागण्या घातल्या. चार तासांत उत्तर आलं, संपर्काबद्दल आभार, तुमचा प्रवास सुखाचा होवो, सोबत माहितीपत्रक जोडले आहे. माहितीपत्रकात तेच लिहिलेलं होतं. इतक्या गोड उत्तरावर पुढचा इशारा कसा द्यायचा, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

रात्रीच्या गाडीनं गेलं तर राहण्याचे पैसे वाचतात, पण झोपायच्या जागेचे लागतात. स्वस्त वसतिगृह स्टेशनपासून लांब, आणि लांब जायच्या ट्रामला पास चालत नाही. एक गाठ सोडवली की दुसरी बसायची. शेवटी मी एक न्यायाचं तत्त्व लावलं. सगळ्या देशांना सारखे दिवस. कुणावर अन्याय नाही.

ते घेऊन मी नांदेडातल्याच वजिराबाद भागातल्या एजंटकडं गेले. जिन्याखालचं दुकान, पासपोर्ट, पॅनकार्ड, उमरा यात्रा, शिक्षणाचे व्हिसे, सगळं तिथंच. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन. त्यांनी माझा कागद टेबलावर पसरला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"ताई, हे काय करून ठिवलं? सगळ्या मुलुकांना आठ-आठ दिवस?"

"सारखे दिलेत."

"युरोपची वाटणी करायला निघाल्या का तुमी?" ते हसायला लागले. मग माझं तोंड बघून थांबले. "बघा, सगळ्या मुलुकांचा व्हिसा एकच. पण अर्ज करायचा कुणाकडं? जिथं जास्ती दिवस राहणार त्याच्याकडं. तुमचं तर कुठंच जास्ती न्हाई."

"मग?"

"मग जिथं आधी उतरणार तिथं. चालतं तसं. पण साहेब कागद बघून म्हणंल, ह्या बाईला जायचं कुठंय? नुस्ती फिरून राहिली."

"फिरायलाच चालले मी."

"हाव ना. पण फिरायला गेलेला माणूस परत येतो. तुमी परत येता कशावरून?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. परत येते कशावरून म्हणजे काय? जाते कशावरून ते विचारा. पण त्यांना रोजचाच प्रश्न होता तो. ते एकेक बोट दुमडत विचारत गेले. लग्न? नाही. पगार? मानधन. कायमची नोकरी? संघटना. घर? भाड्याचं. मी प्रत्येक उत्तराला चिडत गेले. लग्न झालेली बाईच तेवढी परत येते का? नवऱ्यासाठी येते, आणि कामासाठी येत नाही? एजंट शांतपणे म्हणाले, "माझ्यावर कामून गरम होता ताई? नियम का मी केले? शेतीवाडी?"

"आहे. बारा एकर, अहमदपूरकडं."

"तुमच्या नावानं?"

"हो."

"मग झालं की! सातबारा आणा, इंग्रजी करून नोटरी करू. जमीन असलेला माणूस परत येतोच."

ते 'हो' मी खोटं बोलले नव्हते. एवढं तरी माझं मान्य करा. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. आमची जमीन म्हणजे माझीपण. दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला मी मोबाईलवर सातबारा काढला. एकच नाव होतं, माझ्या भावाचं. मी पान खालीवर केलं. नावं खालच्या बाजूला गेली असतील असं वाटलं. खाली फेरफाराचा एक क्रमांक होता. त्या क्रमांकाकडं बघता बघता मला गरम भज्यांचा वास आठवला.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर वारसाच्या नोंदीत आमची चौघांची नावं लागली होती. माय, अक्का, दादा, मी. ती वर्षभर राहिली. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, बांगड्या भरतात, आणि सगळ्या बहिणी आयत्याच एका जागी सापडतात म्हणून हक्कसोडीच्या सह्याही तेव्हाच उरकतात. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. भाऊ आदल्या दिवशी जीप सांगतो. दादा म्हणाला होता, "पीकविमा भरायचा तर चौघांच्या सह्या, अनुदानाला चौघांच्या सह्या. तुमाला दर येळी यायला जमतंय का?" आम्हाला जमत नव्हतंच. मी सही केली. मग मायनं, मग अक्कानं.

आणि त्याच आठवड्यात मी एक पत्रक छापखान्यात देऊन गावी गेले होते. लेकींनी हिस्सा सोडू नये असं ते पत्रक होतं. किनवटच्या मेळाव्यात वाटायचं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी कशी विसरते बाई? विसरले नव्हते. मला ते तसलं वाटलंच नव्हतं. जिथं भाऊ दारू पितो, बहिणीला दारात उभं करत नाही, तिथली हक्कसोड हा अन्याय. आमचं घर चांगलं. दादानं मला नांदेडला शिकायला पाठवायला अण्णांशी आठ दिवस अबोला धरला होता. चांगल्या घरात कागद हा नुसता कागद असतो, अशी माझी समजूत होती. ती कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही. मीच तर लोकांना उलटं शिकवत हिंडत होते.

मी शनिवारी एसटीनं लातूरला अक्काकडं गेले. ती शिकवणीच्या पोरांचे डबे करते. लातूरला बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि दोन-दोन वर्षं दुसऱ्याच्या हातचं खातात, त्यातल्या साठ जणांचं अक्का बघते. दाजी स्कूटरवर डबे पोचवतात. मी गेले तेव्हा दुपारचे डबे गेले होते आणि ती संध्याकाळची गवार निवडत बसली होती. सातबाऱ्याचं लगेच काढायला मला धीर होईना. मी युरोपचा कागद काढला.

"तितं भाकरी-पोळी काय मिळती का?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"ब्रेड मिळतो."

"दोन म्हैने पाव? आतडं वाळंल की गं बारके." घरात मला बारकी म्हणतात. "ऱ्हायच्या जागी गॅस आस्तो का?"

"काही वसतिगृहांत असतो. भांडीपण असतात, सगळ्यांनी मिळून वापरायची."

"कुटं हाय, कुटं न्हाई?"

मी म्हटलं, ते काही मी बघितलं नाही.

"मग तीन म्हैने काय बघून ऱ्हायलीस? काढ तो मोबाईल."

अर्ध्या तासात तिनं माझा युरोप मोडून परत मांडला. गॅस असेल तिथं चार-पाच दिवस, नसेल तिथं एक नाहीतर दोन. डाळ-तांदूळ कुठंही मिळतो, मसाला पाव किलो घरनं न्यायचा, कारळाची चटणी महिनाभर टिकते, धपाटे पहिल्या आठवड्याला. बार्सिलोनाच्या वसतिगृहात स्वयंपाकघर बंद असतं असं दिसलं, तिनं बार्सिलोना काढून टाकलं. मी म्हटलं, "अक्का, ते समुद्राकाठचं शहर आहे, बघण्यासारखं आहे."

"बघायला एक दिस पुरतो. उपाशी कोण बघत बसतंय समुद्र? हे कुटलं, दोन्ही जागी गॅस हाय ते?"

"जर्मनी."

"हां, मग तितं ऱ्हा पंधरा-ईस दिस. सगळ्याला सारखे दिस द्यायला तुला कुणी सांगितलंतं?"

अशा रीतीनं माझा मुख्य देश ठरला. माझी तीन महिन्यांची कोंडी तिनं गवार निवडता निवडता सोडवली. मला हसू येत होतं आणि सातबारा डोक्यातून जात नव्हता. मी विचारून टाकलं.

"अक्का, त्या पंचमीला तू सही का केलीस?"

तिनं वर बघितलं नाही. "तू केलीस की."

"म्हणजे?"

"आधी तुजं नाव पुकारलं. तू गेलीस आन् भराभर सह्या करून आलीस, वाचलंबी न्हाईस. मी म्हणलं, ही पोरी-बाळींना कायदा शिकिवती, हिनं केली म्हंजी बराबरच आसंल." शेंगेची शीर ओढून तिनं टोपलीत टाकली. "न्हाईतर मी दादाला म्हणणार होते. ईरीजवळची पट्टी मला दे म्हणून."

"विहिरीजवळची कुठली पट्टी?"

"खालची गं. बांधाकडंची. तितं पाणी आस्तंय बारा म्हैने. भाजी लावली आस्ती डब्याला. ह्यांनी स्कूटरवर जाऊन आणली आस्ती, दोन दिसाआड." मग तिनं हात झटकले. "तोंडात आलतं. गिळलं मग. जाऊं दे. तुजा फोटो काढलास का व्हिसाचा? कान दिसाय लागतेत म्हणं फोटोत."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी उत्तर देऊ शकले असते, मला येतं ते. ती कानांबद्दल बोलत होती.

परतीच्या वाटेवर मी अहमदपूरला उतरले. दादाला फोन केला होता, तो मोटारसायकलवर आला. स्टँडबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी व्हिसाचं सांगितलं, परत येण्याच्या पुराव्याचं सांगितलं. तो आधी खूप हसला. "तू परत न येऊन कुटं जातीस? तुज्याशिवाय त्या नांदेडात पत्रकं कोन लिव्हणार?" मग म्हणाला, "एवढंच ना? एक एकर देतो तुज्या नावानं करून. बक्षीसपत्र. जा, फिरून ये, साहेबाला दाखव काय दाखवायचं ते. आल्यावर परत माज्या नावानं करून टाक."

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. लपवण्यात अर्थ नाही. डोळ्यांपुढं ती सात मिनिटांनी सुटणारी डोंगरातली गाडी आली. एक एकर, तेही उसनं, आणि सगळं सुटतंय.

"आणि अक्काला?" मी म्हटलं.

दादानं कप खाली ठेवला. त्याला खरंच समजलं नाही. "अक्काला कुटं जायचंय?"

त्या वाक्यात कसलीही दुष्टाई नव्हती. बहिणीला जमीन लागते ती कुठंतरी जायला, जाऊन आली की परत द्यायला. जिला कुठं जायचंच नाही तिला कशाला लागतेय? असा साधा हिशोब होता तो, आणि आपल्याकडच्या निम्म्या चांगल्या घरांत तोच आहे. मी म्हटलं, "अक्काला विहिरीजवळची पट्टी पाहिजे होती. ती तिला दे. कायमची. मग मला काय द्यायचं ते दे."

"अक्का म्हणली का तसं?"

"म्हणणार होती."

"म्हणणार होती म्हंजी काय? दोन वर्षांत एकदा बोलली न्हाई ती मला." तो आता चिडला होता. "तू माज्याकडं युरोपचं काम घेऊन आलीस का वाटण्या करायला? एक कायतरी सांग. युरोपला जायचंय का हिस्सा पाहिजे?"

मला माहीतच नव्हतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात मी कधी अडखळले नाही. इथं एका टपरीवर मला एक मागणी नीट मांडता येईना. मला युरोपला जायचं होतं. मला हिस्साही पाहिजे होता, पण तो मीच सोडलेला होता. मी ज्याच्या विरुद्ध पत्रक काढावं तो माणूस माझ्या चहाचे पैसे देत होता. आणि नोंदणी झालेली हक्कसोड आता मागं फिरत नाही, भावानं आपल्या मनानं परत लिहून दिलं तरच. हे मी स्वतः मुलींना शिकवते. म्हणजे मला मागता येत होतं ते फक्त त्याचं मन. त्याचं निवेदन कुणाला द्यायचं?

बस लागली. दादानं डिक्कीतून तुरीच्या डाळीची पिशवी काढून माझ्या हातात दिली. भांडण झालं म्हणून डाळ राहिली नव्हती. "बस चुकंल, जा," एवढंच म्हणाला.

एकर मी घेतला नाही. तो फोनवर एकदा परत म्हणाला, मी नको म्हटलं. यात मोठेपणा शोधू नका. दोन दिवस मी हो-नाहीच्या मध्ये हेलकावत होते आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून नाही म्हटलं. उसन्या जमिनीचा कागद दाखवून मी परत येणार असं शपथेवर सांगायचं, आणि ज्या बाईनं माझ्याकडं बघून आपली जमीन सोडली तिच्या हातचे धपाटे खात फिरायचं, हे काही घशाखाली उतरेना.

राहिलं व्हिसाचं पत्र. त्यात आपण का जातोय आणि का परत येणार ते लिहायचं असतं. माझा पहिला मसुदा वाचून एजंट म्हणाले, "ताई, ह्यात मागण्या कशाला? आन् शेवटी हे 'अन्यथा' म्हणजे काय? साहेबाला धमकी?" हात सवयीनं चालला होता. दुसऱ्या मसुद्यात मी सगळं काढलं, तर काहीच उरलं नाही. तिसऱ्यात मी खरं लिहिलं. दोन महिने गाड्या बघणार. जर्मनीत जास्त राहणार, कारण तिथं स्वयंपाक करता येतो. आणि परत येणार, कारण माझ्या बहिणीचा जमिनीतला हिस्सा माझ्या चुकीनं गेलाय, तो मागायचं काम बाकी आहे, आणि आमच्या घरात ते दुसरं कुणी करणार नाही.

एजंटनी ते दोनदा वाचलं. "हे इंग्रजीत करू?"

"करा."

"घरच्या भांडणासाठी कोण परत येतं, असं साहेब म्हणंल."

"त्यांना सांगा, आमच्याकडं तेवढ्यासाठीच येतात."

ते हसले नाहीत. कानावरचं पेन काढून त्यांनी 'बहिणीचा' या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाले, "माझ्या बहिणीबी तिघी हाईत." मी पुढं काही विचारलं नाही. तेव्हा विचारायला पाहिजे होतं.

हैदराबादला जाऊन मी बोटांचे ठसे देऊन आले. पासपोर्ट अजून आलेला नाही. येईल तो व्हिसा लागून येईल की कोरा, मला सांगता येत नाही, एजंटही सांगत नाहीत. ते पत्र माझ्या बाजूचं ठरलं की विरुद्ध, हेसुद्धा मला माहीत नाही. जायची तारीख मी नऊ दिवस पुढं ढकलली, कारण आधीच्या तारखेत पंचमी बुडत होती. मधे दादाचा फोन आला होता. म्हणाला, "पंचमीला या दोघी. जीप सांगतो." हिस्स्याचं त्यानं काढलं नाही, मीही नाही. अक्काला मी सांगितलंय, पट्टीचं तूच बोलायचं, तुझ्या तोंडानं, माझ्या आधी. ती म्हणते, तू सुरुवात कर, मग मी बोलते. मी नाही म्हणून बसलेय. आमचं अजून ठरलेलं नाही. ती मान खाली घालून पुरण वाटत बसेल आणि मी उठून भाषण ठोकेन, अशी मला भीती आहे.

आता तुमचं. तुमच्या घरी जमीन असेल तर तिचा उतारा आज काढा, जागेवर बसून मोबाईलवर निघतो. त्यावर कुणाकुणाची नावं होती आणि कुणाची सुटली ते घरात मोठ्यानं वाचा. तुमचं घर चांगलं आहे, तुमचा भाऊ चांगला आहे, तुम्ही स्वतः तो चांगला भाऊ आहात, हे मला सांगू नका, ते मी ऐकलंय. जिचं नाव सुटलं त्या बहिणीला, आत्याला, मायला फोन लावा आणि विचारा, तुला त्यातली कोणती पट्टी पाहिजे होती? ती म्हणेल, काही नको बाबा, सगळं चांगलं चाललंय. फोन ठेवू नका. परत विचारा.